हळदीच्या ओवीचा छडा

"उद्या माझी हळद, आणि आईची ओवी गायब झालीय!" निकितानं लॅपटॉप टेबलावर ठेवला.

सावेडीतल्या त्या एका खोलीच्या ऑफिसात डिटेक्टिव्ह पंकजानं खुर्ची पुढं ओढली. तिचा भागीदार अंगद, निवृत्त हवालदार, आधीच हळहळू लागला होता.

निकिताची आई पुष्पावती दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या सगळ्या ओव्या या लॅपटॉपवर होत्या. भावाच्या, हर्षलच्या लग्नात हळद दळताना म्हटलेली ओवी तेवढी दिसत नव्हती.

"कुणीतरी पुसली," अंगद म्हणाला.

"अंगदराव, दार बंद दिसलं म्हणजे घर पडलं असं नाही."

पंकजानं चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो एकेका फाईलला विचारत गेला, तू लपवलेली आहेस का? नाही, नाही, नाही... आणि एकदम होय. तीच हळदीची ओवी.

निकिताचे डोळे भरले, पण तिनं ती लावू दिली नाही. "घरात कुणाला नको असेल, तर उद्या मी लावणार नाही. आधी कोण ते कळू द्या."

तिसगावात निकिताच्या घरी दारापुढं आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव होता. हल्ली असा मांडव बघायला मिळतो कुठं? अंगदला स्वतःचं लग्न आठवलं आणि तो उगाच खाकरला. फाईल सापडल्याचं पंकजानं कुणालाच सांगितलं नाही.

हर्षल हसला. "मी कशाला पुसू? डीजे मीच सांगितलाय. नको असती तर वाजवलीच नसती."

निकिताचे वडील गोरक्ष खाली बघत बोलले. "पुष्पाचा आवाज ऐकवत न्हाई मला. कुठलीबी ओवी लागली, की मी रानात निघून जातो. पर त्या दिवशी लई रंगलं हुतं. जातं एकटीनं वढत्यात व्हय? समोर आमची मालन हुती. पुष्पानं सुरू करायचं, मालननं पुरं करायचं."

गोरक्षची बहीण मालनबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. निवृत्त शिक्षिका, वर्षापूर्वी यजमान गेले.

"शाळेची ऑनलाईन कामं मीच करायचे. निकितालाही लॅपटॉप मीच शिकवला. पण त्या ओवीचं मला काय माहीत? पुष्पा एकटीच गायली होती."

"बाहेर मांडवात या ना."

"नको. मी इथंच बरी."

पंकजानं सगळ्यांना मांडवात बोलावलं. मालनबाई दारातच थांबल्या.

"ओवी पुसलेली नाही, लपवलेली आहे," पंकजा म्हणाली. "पुसायला एक कळ पुरते. लपवणाऱ्याला ती जपायची होती. डीजे हर्षलच्याच हातात, त्याला लपवायची गरज नव्हती. गोरक्षदादांनी सगळ्याच ओव्या लपवल्या असत्या. लपली मात्र एकच, जिच्यात दोन आवाज आहेत. आणि त्यात दुसरा आवाजच नव्हता, असं आम्हाला एकाच माणसानं सांगितलं."

अंगदनं मान वळवून दाराकडं बघितलं.

"माझ्या कपाळाला कुंकू नाही गं पोरी," मालनबाई म्हणाल्या. "सवाष्णींच्या हळदीत माझा आवाज? तुझं काही वाईट झालं तर? पुसायलाच बसले होते. पण पुष्पाचा आवाज कसा पुसू? हात धजेना."

निकिता उठून त्यांच्यापाशी गेली. "आत्या, तुझ्याशिवाय आई अर्ध्यावरच गप्प होईल."

गोरक्षनं जातं आणून मधोमध मांडलं आणि आज ते रानात गेले नाहीत.

"ये मालन. मी सांगतो, बस."

मालनबाईंनी खुंटा धरला. निकितानं फाईल लावली. पुष्पावतीची ओळ संपली आणि पुढची ओळ दोन मालननी मिळून पुरी केली, एक तेव्हाची आणि एक आत्ताची.