सोळाशे वर्षांनी पेटलेली चूल

पडद्यावर ‘प्रत पूर्ण’ असा हिरवा शेरा उमटला आणि डॉ. मंदाकिनी पोतनीस यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

इटलीतल्या डोंगरउतारावरच्या त्या रोमन व्हिलाची कणप्रत त्यांच्याच यंत्राने काढली होती. वीट, फरशी, भिंतीवरचा रंग, कण न् कण. भूकंपात सगळं जमीनदोस्त झालंच, तर पुन्हा उभारता यावं म्हणून. पण नव्या कायद्याने डाव साधला. प्रत तंतोतंत जुळली की वारसा म्हणजे प्रत. मूळ वास्तूचं संरक्षण संपलं. जमिनीखाली लिथियम होतं आणि खाणवाले टपलेलेच होते.

“दिसणं जुळेल. पण जुनेपण?” बाईंनी परीक्षक मात्तेओला विचारलं.

“तेही उतरलंय. तंत्र तुमचंच ना? भाजलेल्या मातीतले स्फटिक आसपासचा किरणोत्सार साठवत जातात, पुन्हा तापले की कोरे. व्हिलातल्या चुलीत शेवटचा जाळ सोळाशे वर्षांपूर्वीचा. प्रतीत तेवढीच उष्णस्मृती भरली आहे. उद्या मूळ चुलीशी जुळवलं की झालं.”

“आणि नाही जुळलं तर?”

“पुन्हा वर्षभराचं काम. पण न जुळायला काय झालंय? तिथे कोणी कशाला हात लावत नाही.”

ते खरंच होतं. ‘हात लावू नका’ हा नियम बाईंनी जन्मभर पाळला होता. त्या घरात त्या श्वासही बेताने घेत.

सकाळी मात्तेओ उपकरणं घेऊन पोहोचला, तर व्हिलातून धूर निघत होता. तो धावत स्वयंपाकघरात शिरला. रोमन ओट्यावर चूल धडधडत होती आणि बाई पिठलं घोटत होत्या.

“वेड लागलंय का तुम्हाला? सोळाशे वर्षांची स्मृती पुसलीत!”

“पुसली. काडी लावताना रडले मी,” बाई म्हणाल्या. “चुलीची आठवण गेली, पण घर वाचलं. तुमची प्रत आता खोटी.”

“नवी काढू आम्ही!”

“काढा की. प्रतीला वर्ष लागतं, पिठल्याला अर्धा तास.”

“तुम्हाला अटक होईल. मग कोण पेटवणार चूल?”

बाईंनी पळीनेच दाराकडे खूण केली. बाहेर गावातल्या बायका भांडी आणि सरपण घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढची आजी आत डोकावली.

“झालं का तुमचं? विझवू नका हं. आता माझा नंबर.”