ओवाळणीत आलेली गाडी

ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्यावरच बेतलेली आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांना वाटू दे. मी गणित शिकवते, मला गोष्टी रचता येत नाहीत.

मी वेदश्री. धारवाडला मळमड्डीत राहते, कलघटगीच्या हायस्कूलमध्ये नोकरी करते. गेल्या भाऊबीजेला हुबळीत माझ्या सख्ख्या भावाने, संजीवअण्णाने, ओवाळणीच्या ताटात किल्ली ठेवली. त्याच्या पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीची.

"रोज बसने हाल होतात तुझे," तो म्हणाला. "ठेव तुला."

मला रडूच आलं.

गाडी आधी कुणाला तरी दाखवून घ्यावी, हे माझ्या मनातही आलं नाही. भावाची ओवाळणी कुणी ठोकून बघतं का? धर्माची गाय, दात का नाय!

माझी अकरा वर्षांची सावनी टुणकन पुढे, डावीकडच्या सीटवर चढून बसली. अण्णा दारात उभा राहून हात हलवत होता.

मी गाडी सुरू केली. दोन हात पुढे गेली... आणि खर्रर्र!

लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज. गाडी थांबली. मला वाटलं, माझाच पाय चुकून ब्रेकवर पडला असेल.

पण आवाज रोज येऊ लागला. मी अण्णाला फोन केला.

"अगं, गंज तो," तो हसला. "या गाड्यांमध्ये पाय उचलला की मोटारच गाडी हळू करते. ब्रेकला काम नसतं, म्हणून डिस्क गंजते. रिकाम्या रस्त्यावर चार वेळा जोरात ब्रेक मार, झडून जाईल. गॅरेजला जायची गरज नाही."

मी मारले. चार नाही, चाळीस वेळा मारले.

आवाज गेला नाही.

एक दिवस शाळेतल्या रामचंद्र सरांनी विचारलं, "बाई, अख्खा रस्ता ब्रेकचे लाल दिवे लावून का चालवता? मी मागेच होतो."

त्या सकाळी मी ब्रेकला पायही लावला नव्हता.

आणि सावनी. ती सीटवर पाय दुमडून, गुडघे छातीशी घेऊन बसायची. मी रागवायचे, "पाय खाली सोड." ती नुसती मान हलवायची.

शेवटी अण्णाला न सांगता मी उणकलला किरणच्या गॅरेजमध्ये गेले. अण्णाची गाडी तोच बघायचा. त्याने चारही चाकं उतरवली. ब्रेकचे पॅड पार पत्र्यापर्यंत झिजले होते. त्याने नवे बसवले, आवाज बंद झाला. मला हायसं वाटलं.

बाराव्या दिवशी परत खर्रर्र...

किरणने पुन्हा सगळं खोललं.

"एकच चाक घासलं असतं तर त्या चाकाचा कॅलिपर, ब्रेकचा चिमटा, अडकलाय म्हणालो असतो," तो म्हणाला. "इथं चारही सारखी झिजलीत. म्हणजे कुणीतरी पेडलच दाबतंय, अक्का."

"मी नाही दाबत."

"इल्ला अक्का, तुम्ही नाही. अण्णापण दाबत नव्हते."

"म्हणजे?"

"त्यांच्या वेळी मी तीनदा पॅड बदललेत. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

त्याने डाव्या सीटपुढचं मॅट उचललं. खाली पत्र्यात चार भोकं होती. बोल्टची. रबर लावून बुजवलेली.

"ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती ही. शिकवणाऱ्या बाईंसाठी इथं दुसरं ब्रेक पेडल होतं. अण्णांनी घेतल्यावर मीच काढलं."

"आणि त्या बाई?"

किरण बराच वेळ हात पुसत राहिला.

"ते मला ठाऊक नाही. पण मी काढलं तेव्हा ते पेडल... पार जमिनीला टेकेपर्यंत वाकलेलं होतं."

मी तिथूनच अण्णाला फोन लावला. मागे कोप्पीकर रोडचे हॉर्न ऐकू येत होते, म्हणजे तो तिथल्या आपल्या दुकानातच होता.

"अण्णा, तुला माहीत होतं?"



"विकायला काढली तर लोक चालवून बघतात गं," तो म्हणाला. "दोघं परत गेले. तुझी रेखावहिनी म्हणायला लागली, दारात नको..."

"म्हणून मला दिलीस?"

"माझी पोरं बसत होती त्यात, वेदा."

"आणि सावनी?"



"मी पोरांना मागे बसवायचो. तेवढं तुला सांगायला पाहिजे होतं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

किरणने दुसऱ्यांदा पॅड बसवले आणि मी थेट दुकानाकडे निघाले. डिसेंबरातला पहिला बुधवार, संध्याकाळचे पावणेसहा. चांगला उजेड होता.

उणकलचं तळं मागे पडलं... आणि टिंग... टिंग...

सीट बेल्ट लावा म्हणून वाजतं ते. डाव्या सीटचं.

सीट रिकामी होती. पर्ससुद्धा माझ्या मांडीवर होती.

मी खाली पाहिलं. माझा पाय बाजूला होता... आणि ब्रेकचं पेडल आपोआप, हळूहळू खाली जात होतं.

खर्रर्र... नव्या पॅडांवर!

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "बाई, परत करायलाच चालले आहे."

पेडल वर आलं. टिंग थांबलं. पुढे दुकानापर्यंत गाडी इतकी शांत चालली की तेच सहन होईना.

मी किल्ली गल्ल्यावर ठेवली. अण्णाने मान वर केली नाही.

मी आता बसने जाते. गाडी अजून अण्णाकडेच उभी आहे. परवाच त्याचा मेसेज आला, "शाळेत कुणाला गाडी हवी असेल तर सांग." मी उत्तर दिलं नाही.

गाडी परत केली त्या रात्री मी सावनीला विचारलं होतं, "पाय का गं सोडायची नाहीस खाली?"

"तिथं जागा नसायची, आई. तिचे पाय असायचे."

तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून ती भाऊबीज हलत नाही. सावनी पुढे चढली तेव्हा अण्णा दारातच होता. तो सगळं बघत होता. एक शब्द बोलला असता, "पोरीला मागे बसव," तर पुरे होतं.

त्याने हात हलवला.

गाडी दोन हातांवर थांबवली, ती दुसऱ्याच कुणीतरी.