तीन नख्यांचं हत्यार

चांगुणा अंबिकाबाईंच्या ओट्यावर बसली ती हलेचना. "उद्या सकाळी मालकाला नगरला नेनार हाईत, बाई. हात सुजवलेत त्याचे. माराच्या भ्यानं न केलेली चोरीबी कबूल करील त्यो."

कोल्हारात लोक पोलिसांच्या आधी अंबिकाबाईंकडे येत. वकील नवऱ्याच्या माघारी त्यांनी लोकांच्या हरवलेल्या वस्तू आणि अब्रू शोधून द्यायचा उद्योग आरंभला होता. सोबतीला धाकटा दीर सुमंत. त्याला गोष्टी कळत, पण जरा उशिरा. आणि हेही त्याला कळत असे.

बेचाळीस सालचा धोंड्याचा महिना. आप्पासाहेबांकडे जावई वाणाला आले होते. काल संध्याकाळी घरचे देवळात पुराणाला गेले आणि तेवढ्यात पेटीचं कुलूप ठेचून सासूबाईंची पुतळ्यांची माळ कुणीतरी लांबवली. मागे घरात चौघे होते : डोकं दुखतं म्हणून पडलेले जावई गोरक्षराव, त्यांचा ड्रायव्हर बन्सी, दिवाणजी विष्णुपंत आणि गोठ्यावरचा पुंजाराम, म्हणजे चांगुणाचा नवरा. पुंजारामच्या कडब्यात एक विचित्र हत्यार सापडलं, आणि फौजदारांचा तपास तिथेच संपला.

चांगुणाला बरोबर घेऊन अंबिकाबाई आणि सुमंत आप्पासाहेबांच्या फाटकात शिरतात तोच गोरक्षरावांची वीस वर्षांची जुनी मोटार समोरून अंगावर आली. बन्सीनं ब्रेक दाबला. मोटार तिरकी होऊन हौदावर आदळली. सुमंत किंचाळला. अंबिकाबाई मात्र वाकून धुळीत बघत राहिल्या. घसरलेल्या चाकाचा ओरखडा एकच होता, उजव्या बाजूला.

"काल सांजच्याला तर सरळ थांबत हुती की वो!" बन्सी घाम पुसत म्हणाला.

हत्यार ओसरीवर ठेवलं होतं. आत वळलेल्या तीन लोखंडी नख्या आणि मधोमध आट्यांचा जाड दांडा.

"नख्या अडकवायच्या, दांडा पिळायचा, कुलूप खल्लास," फौजदार म्हणाले.

"छे हो, विहिरीतली घागर काढायचा गळ आहे," विष्णुपंत म्हणाले. "पण आमचा नव्हे."

"मला ठाव न्हाई," बन्सी विचारायच्या आतच बोलला.

गोरक्षराव हसले. "लोहाराचं काहीतरी दिसतंय. मी मोटारीत बसतो, बाई, तिच्याखाली शिरत नाही." बोलता बोलता त्यांच्या बोटांनी तो दांडा सरसर फिरवून आत नेला. "झडती तर मी आधी माझ्या मोटारीची घ्यायला लावली. गाद्यासुद्धा उचलून दाखवल्या. आता आम्हाला निघू द्या."

अंबिकाबाई पाणी मागायला परसात गेल्या. तिथे स्वयंपाकीण आक्काबाई तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवत होती. पातेलं डुगडुगू नये म्हणून तिनं खाली अर्ध्या चंद्रासारखी दोन लोखंडं सारली होती.

"गोठ्यामागं घावली, रातच्याला मोटार हुती तिथं," ती नाक दाबून म्हणाली. "पर लई जळकट वास मारतात मेली."

"वहिनी, बन्सी खोटं बोलतोय," सुमंत कुजबुजला. "चोर तोच."

"खोटं बोलतोय, हे खरं आहे, भाऊजी."

त्यांनी सगळ्यांना मोटारीपाशी बोलावलं.

"फौजदारसाहेब, पेटीचं कुलूप ठेचलेलं आहे, आणि हे हत्यार ठेचायचं नाही, ओढायचं आहे. दांड्याचं टोक बघा, टेकून टेकून चकचकीत झालंय. नख्यांना ग्रीस आहे. याला पुलर म्हणतात. जुन्या मोटारीचं मागचं चाक काढलं तरी त्यामागचा लोखंडी ड्रम आसाला धरून बसतो, हातानं निघत नाही. मग नख्या ड्रमच्या कडेला अडकवायच्या, दांडा आसावर टेकवायचा आणि पिळायचं. आमच्या ह्यांनी राहुरीच्या रस्त्यावर मला भर उन्हात बसवून हा प्रयोग दोनदा केलाय, म्हणून ठाऊक."

"मग?" आप्पासाहेब म्हणाले.

"ड्रमच्या आत ब्रेकचे दोन अर्धचंद्र असतात, आणि इतक्या जुन्या मोटारीला ब्रेक मागच्याच दोन चाकांना. इथले सध्या आक्काबाईंच्या चुलीवर भात शिजवताहेत. ते काढले की आत जागा होते. पण ते चाक ब्रेक दाबून थांबत नाही. म्हणून ओरखडा एकच, उजव्या चाकाचा."

"म्हणजे बन्सीच!" सुमंत ओरडला.

"त्यानं काढले असते तर तो भरधाव येऊन ब्रेक दाबता का? हत्यार आपल्याच मोटारीचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. आळ येईल म्हणून गप्प बसला."

"व्हय जी," बन्सी म्हणाला.

"विष्णुपंतांना घागरच दिसली. पण गोरक्षराव, तुम्ही ओळखत नाही म्हणालात ते हत्यार तुमची बोटं ओळखत होती. पुराण सुटलं, हत्यार मोटारीत परत ठेवायला वेळ उरला नाही, आणि कडबा हाताशी होता."

"काहीतरीच!" गोरक्षराव म्हणाले. पण पाय मागे सरकले होते.

बन्सीनं मागचं डावं चाक उतरवलं, नख्या अडकवल्या आणि दांडा पिळायला घेतला. लोखंड करकरलं. एकदम ठाण् आवाज झाला आणि ड्रम सुटला. आतल्या ताटलीला फडक्याचं गाठोडं आवळून बांधलेलं होतं. फडकं फाटलं तशी सोन्याची पुतळी चमकली.

मग आप्पासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "फौजदार, माळ घावली, मिटलं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बेडी नको. पुंजारामला अंधार पडल्यावर गुपचूप सोडा. मी त्याला गाय देतो."

फौजदारांनी मान डोलावली. अंबिकाबाई तोंड उघडणार, तोच फाटकातून चांगुणा पुढे आली.

"गाय नगं मला. माझ्या मालकाला दोरी बांधून बाजारातनं न्हेला, समद्या गावानं बघितला. आता तुमी सोता जावा, अन् उजेडात, त्याच बाजारातनं त्याला घरी आना. चोर कोन म्हनून कुनी इचारलं तर सांगा."

आप्पासाहेबांनी जावयाकडे बघितलं. मग दाराकडे. तिथे त्यांची लेक चौकट धरून उभी होती. तिनं नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"माझा फेटा आना," आप्पासाहेब म्हणाले. "फौजदार, पुंजारामला सोडायची चिठ्ठी द्या, अन् ह्यांना हितंच बसवून ठेवा. आमी माघारी येईस्तवर ह्यांना कुनी चहाबी इचारायचा न्हाई."

आणि चांगुणाच्या मागोमाग ते बाजाराच्या वाटेला लागले.