मागच्या तुकडीचा निरोप

शुक्रवारचा सराव आटोपून गावच्या अग्निशमन दलाची पोरं पंपाच्या खोलीत बिअर घेऊन बसली होती. बाहेर मिट्ट काळोख. वील्केनकाका, चाळीस वर्षं गावात टपाल वाटलेले, शेगडीजवळ सरकले.

"काका, कबरस्तानात त्या जनरलच्या जागी आता नुसतं गवत आहे. दगड कुठे गेला?" त्यार्कने विचारलं.

"क्रेनने नेला. पण आदल्या रात्री काय झालं ते हिन्रिशने मला सांगितलंय."

"झालं सुरू," व्हीब्के म्हणाली. "आता भूत येणार."

"हसायचं तर आत्ताच हसून घे बाई. पदरचं एक अक्षर घालत नाही मी."

आणि ते सांगू लागले.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. बावीस तारीख, मंगळवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. कबरस्तानाचा राखणदार हिन्रिश जेवला, ताट धुतलं, आणि त्याला आठवलं की जनरलच्या दगडापाशी खुणेची खुंटी ठोकायची राहिली. सकाळी सातला क्रेन येणार. खुंटी नसली तर ते लोक शेजारचाच दगड उचलायचे. त्याने बॅटरी घेतली, हातोडा घेतला आणि निघाला.

जनरल असो की गवळी, तीस वर्षांनी जागेची मुदत संपते. पैसे भरून ती पुढे ठेवणारं कुणी नसलं की दगड जातो. हिन्रिशने वर्षभर आधी दगडावर पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. 'या कबरीशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी येऊन भेटावं.' कुणी फिरकलं नाही.

जनरल हेलमर्स. पहिल्या महायुद्धात लेफ्टनंट, दुसऱ्यात फ्रान्समध्ये कर्नल, रशियात जनरल. छातीवर पदकांना जागा उरली नव्हती. माघारी येताना त्याने गावंच्या गावं जाळली, ते मात्र कुठल्या पदकावर कोरलेलं नव्हतं. चव्वेचाळीसच्या जानेवारीत नदी ओलांडताना त्याने शत्रूला थोपवायला पलीकडे एकेचाळीस पोरं मागे ठेवली. "माझा निरोप येईपर्यंत हलायचं नाही." बाकीचं सैन्य पार झालं. पूल उडवला. निरोप गेलाच नाही. सैन्य वाचवलं म्हणून त्याला आणखी एक पदक मिळालं. कैदेतून सुटून तो आपल्या गावात राहिला, पंचाण्णव वर्षांचा होऊन गेला. दारावर बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायचा. त्याची पत्रं मी पायरीवर ठेवून यायचो.

त्या एकेचाळिसांत हिन्रिशचा चुलता होता, हार्म. एकोणीस वर्षांचा. हिन्रिशच्या आजीने मरेपर्यंत हार्मचं नाव घरच्या कबरीच्या दगडावर कोरू दिलं नाही. "तो गेला असं मला कुणी येऊन सांगितलंय का?" म्हणायची. पुढे आजी गेली, आईबाप गेले. हिन्रिशचं लग्न काही झालं नाही. हार्म ज्या घरातून लढाईवर गेला, त्याच घरात हिन्रिश एकटाच उरला. जनरलचा दगड आपल्या हातून निघतोय, याचं त्याला मनातून बरंच वाटत होतं.

धुकं होतं. त्याने खुंटी रोवली, दोन घाव घातले. तिसऱ्याला हात उचलला आणि मागून आवाज आला.

"जनरलसाहेब?"

कोवळा आवाज. हिन्रिशला वाटलं, गावातलंच कुणीतरी पोर थट्टा करतंय.

"कोण रे?"

"मागची तुकडी, साहेब. एकेचाळीस जण. चिठ्ठीत लिहिलंय, येऊन भेटावं. आम्ही आलो."

त्याने बॅटरी वळवली. धुकं. धुक्यात उभ्या रांगा. खांद्यांच्या वर काही दिसेना.

"जनरल... वारले. तीस वर्षं झाली."



"मग आमच्यासाठी निरोप ठेवलाय का, साहेब? निघायचा?"

हिन्रिशच्या हातातला हातोडा गळून पडला.

"मी साहेब नाही रे. मी खड्डे खणतो."

रांगा हलल्या नाहीत. पळून जावं असं त्याच्या मनात आलं. मग क्रेन आठवली. सकाळी दगड जाणार. मग ही पोरं विचारायला कुठे येणार? कुणाला विचारणार?

त्याने ओठ ओले केले.

"तुमच्यात... हार्म आहे?"

अगदी मागून...

"हजर."

हिन्रिशला रडू फुटलं. तो तसाच ताठ उभा राहिला.

"मागची तुकडी... निघा. सगळे घरी जा."

कुणी हललं नाही.

"कुणाच्या हुकमाने, साहेब?"

जनरलचं नाव त्याच्या जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

"हार्मच्या आईच्या."

...

मग बूट वळले. एकदम, सगळे. पावलं फाटकाकडे गेली, आणि फाटकातून वेगवेगळ्या वाटांनी विरत गेली.

हिन्रिश घरी आला. दार आतून लावलं, कडी घातली. रात्रभर खुर्चीत बसून राहिला. पहाटे कधीतरी डोळा लागला.

सहाला जाग आली. कडी तशीच होती. स्वयंपाकघरात चुलीपाशी बुटांचा एक जोड वाळत ठेवलेला. जुना, तडकलेला, लहान मापाचा. तळांना काळी माती. आपल्याकडे कोसभर नुसती वाळू.

त्याने वाकून एका बुटात हात घातला.

आतून गरम होता.