पाटावरचा मोबाइल

अक्षय तृतीयेच्या दिवशी भर दुपारी माणिकबाई कुरडयांचा डबा घेऊन शेजारी निघाल्या, तेव्हा त्यांच्या मनात भुताखेताचं काही नव्हतं. संध्याकाळी अकोटचे पाहुणे नेमके केव्हा येणार, मुलगा दिसायला कसा आहे, आणि सुपारी आजच फुटणार की नुसती बोलणी, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. कुरडया हे निमित्त. रिकाम्या हाताने चौकशीला गेलं तर बरं दिसत नाही.

अकोल्यातली वैशाखातली दुपार ज्याने पाहिली नाही, त्याला ती सांगून कळायची नाही. जठारपेठेतली दुकानं अर्धं शटर ओढून झोपलेली. रस्त्यावर कुत्रंही नाही. डांबर मऊ होऊन चपलेला धरून ठेवतं, आणि आपली सावली पायाखाली अशी दडून बसते की तिलाच बाहेर यायची भीती वाटावी. त्यात लाइट गेलेली. घरोघरचे कूलर एकदम बंद पडले की गल्लीत जी शांतता उतरते, ती रात्रीच्या शांततेपेक्षा वाईट. रात्री निदान माणसं घोरतात.

शेजारचं घर नत्थुजींचं. म्हणजे होतं, नत्थुजी पौषात गेले. एसटीत कंडक्टर होते, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण निवृत्त झाल्यापासून ज्यावर त्यांचं मत नाही असा विषय जगात उरला नव्हता. 'वऱ्हाड खबर' नावाच्या साइटवर तंत्रज्ञानाची, कोर्टकचेरीची, शाळा-कॉलेजची बातमी आली रे आली, की खाली पहिली कमेंट नत्थुजींची. परीक्षा कॉम्प्युटरवर होणार, अमुक कलम बदललं, वर्गात रोबो शिकवणार... बातमी पुरती वाचायची त्यांना गरजच पडत नसे. शेवटचं वाक्य ठरलेलं : 'बाकी सब ठीक.'

माणिकबाईही तिथल्याच. त्या सातवी शिकलेल्या. बातमी कळो न कळो, कमेंट एकही सोडायच्या नाहीत. बातमी म्हणजे नुसता मांडव, खरं लग्न खाली लागतं, असं त्यांचं म्हणणं. नत्थुजींनी काही लिहिलं की त्याखाली ह्यांचं उत्तर : 'काकाजी, आधी नळाचं पाणी भरा, मंग देश सुधरवा.' भांडण मोबाइलवर सुरू व्हायचं आणि कंपाउंडच्या भिंतीवर दोन्हीकडून कोपरं टेकवून संपायचं.

त्याच भिंतीवर दिवाळीच्या सुमारास नत्थुजींनी नातीबद्दल त्यांना हळूच सांगितलं होतं, "माणिकबाई, आमची रागिणी वकील झाली पाह्यजे. अमरावतीले लॉ कॉलेजात टाकतो तिले. पण आमच्या देवाले आत्ताच सांगू नका. मी सांगीन बरोबर वेळ पाहून."

माणिकबाईंच्या पोटात जन्मात काही राहिलं नव्हतं. हे मात्र राहिलं. आणि वेळ यायच्या आतच नत्थुजी गेले. तेरवी झाल्यावर माणिकबाईंनी ते सांगून टाकलं, तर देवा, म्हणजे नत्थुजींचा मुलगा देवानंद, थकल्या आवाजात म्हणाला, "ताई, तुमी तं रोज नवीन खबर आणता. मांगं सहदेवचं बी लग्न लावून टाकलं होतं तुमी." समोरच्या सहदेवच्या लग्नाची बातमी खरंच खोटी निघाली होती.

आता संध्याकाळी सुपारी फुटली की रागिणीचं अमरावती संपलं.

स्वयंपाकघरात रागिणी भजी तळत होती. डोळे लाल. धूर म्हणावा, तर शेगडी गॅसची.

"मावशी, तुमी एकदा अजून सांगा न बाबाले."

"माह्यावर कोण विश्वास ठेवते व पोरी? माहं अकाउंटच खराब हाये."

रागिणीला त्यातही हसू आलं. तिची आजी पार्वताबाई मधल्या खोलीत पितराचं पान वाढत होत्या. मातीची नवी घागर काठोकाठ भरलेली, तिच्या तोंडावर आंबा. पत्रावळीवर पुरणपोळी, भजी, कुरडई, आमरसाची वाटी, कढीची वाटी. हे पान पितराने जेवल्याशिवाय घरातलं कोणी काही चाखत नाही. मीठ-तिखट सगळं हाताच्या अंदाजाने. गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाची धार पडली होती. त्याचा कडू-गोड धूर आणि ओल्या मातीचा वास खोलीभर भरून राहिलेला.

पाट मात्र रिकामा होता. पितर म्हणून बाहेरच्या एका माणसाला जेवायला बसवायचं, ही त्या घरची रीत. सहदेवला सांगितलं होतं. तो बाळापूरहून येताना टायर फुटून वाटेत उन्हात उभा होता. एवढ्या उन्हात दुसरा कोण मिळणार?

"पाट रिकामा ठेवू नाही," पार्वताबाई म्हणाल्या. फोटोसमोर ठेवलेला नवऱ्याचा जुना मोबाइल त्यांनी उचलून आणला. "हा ठेवा. याच्याबिगर कधी घास उतरला काय त्याइच्या नरड्याखाली?"

"अवो आई, त्यात बॅटरी बी नाही," देवानंद म्हणाला. "फुगली होती म्हणून म्याच काढून फेकली."

"तुह्या बापात तरी कुठं बॅटरी हाये आता? ठेव."

माणिकबाईंनी मोबाइल पदराने स्वच्छ पुसला, मागून-पुढून. पुसताना त्यांना आठवलं, नत्थुजी ज्या हाताने जेवायचे त्याच हाताच्या अंगठ्याने बातम्या सरकवायचे. आंब्याच्या दिवसांत काचेवर कायम रसाचे पिवळे पट्टे. पार्वताबाई ओरडून दमल्या, पण सवय गेली नाही.

पितराला निवांत जेवू द्यायचं म्हणून दार लोटून चौघं ओसरीवर येऊन बसली. ऊन अंगणाच्या फरशीवर नुसतं वाजत होतं म्हणा ना. माणिकबाईंना पाहुण्यांचं विचारायचं होतं, पण देवानंदसमोर ते बरं दिसलं नसतं. अशा वेळी कान आपोआप मोठे होतात.

आत पत्रावळ सरकल्याचा आवाज आला.

वारा असेल, असं सगळ्यांनी मनात म्हटलं. परसातल्या कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं.

मग कुरडई मोडल्याचा. कुर्रर्र. थांबून पुन्हा, सावकाश... अर्धे दात पडलेला माणूस एका बाजूने चावतो तसा.

"आई..." देवानंद दाराकडे बघत म्हणाला.

"मांजर असन..." पार्वताबाई म्हणाल्या.

"मांजर...?"

आणि मग आला तो आवाज, ज्याने माणिकबाईंच्या पाठीवरचा घाम एकदम गार झाला. सुर्रर्र. वाटी तोंडाला लावून कढी भुरकल्याचा. त्यामागून एक छोटासा खाकरा.

पार्वताबाईंनी माणिकबाईंचा हात धरला. पन्नास वर्षं ऐकलेला खाकरा होता तो.

तेवढ्यात माणिकबाईंच्या मांडीवरचा मोबाइल थरथरला आणि त्या किंचाळल्या. त्याच सकाळी 'वऱ्हाड खबर'वर बातमी होती, 'वकिलांचं काम आता मशीन करणार?' खाली भांडणं जोरात लागलेली. एकाने लिहिलेलं, 'मशीन तारीख तं देणार नाही, एवढंच बस झालं.' माणिकबाईंनी लिहिलं होतं, 'आज काकाजी असते तं काय लिहिलं असतं?'

त्यावर उत्तर आलं होतं. नाव : नत्थुजी, अकोला. फोटोही तोच, टोपीतला.

"वाचा..." देवानंद पुटपुटला.

माणिकबाईंनी वाचलं.

'मशीन कायदा सांगन. पण समोरच्याच्या डोयात डोये घालून, तू खोटं बोलून राहिला, असं म्हणायले माणूस लागते. आमची रागिणी ते काम करन. देवा, अकोटवाल्याइले नाही म्हणून टाक. माणिकबाई खरं सांगून राहिल्या होत्या. कढीत मीठ नाही. बाकी सब ठीक.'

देवानंदने आधी रागिणीकडे पाहिलं. पण तिचे दोन्ही हात बेसनाने माखलेले, आणि कालच्या रडारडीनंतर तिचा मोबाइल देवानंदच्याच खिशात होता. त्याने तो चाचपून पाहिला. मग उठून दार ढकललं.

खोलीत कोणी नव्हतं. निखारा धुमसत होता. पत्रावळ जशीच्या तशी, कुरडईही अखंड. देवानंदने कढीत बोट बुडवून जिभेला लावलं, खात्रीसाठी पुन्हा लावलं.

"आई... मीठ..."

पार्वताबाईंनी कपाळावर हात मारला. "टाकलंच नाही रे! हातात मीठ घेतलं अन् लाइट गेली. गडबडीत तसंच ठेवून देल्लं..."

त्यांची नजर पाटावर गेली. माणिकबाईंनी पुसून ठेवलेल्या काचेवर अंगठ्याएवढा पिवळा पट्टा होता, ओला, खालून वर सरकवलेला.

पार्वताबाई बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज असा चढला की तीन घरं पलीकडे गेला असेल. "मेल्यावर बी हात पुसायची अक्कल नाही आली या माणसाले!" आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसणं थांबेना. रागिणी बेसनाच्या हातांनीच आजीला बिलगली.

"ताई," देवानंद खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माहं."

"चालते रे," माणिकबाई म्हणाल्या. आणि इतका वेळ बाजूला राहिलेला कुरडयांचा डबा त्यांनी त्याच्यापुढे सरकवला.

देवानंदने अकोटला फोन लावला. तिकडे मुलाचे वडील गोवर्धन. ह्याने अडखळत सगळं सांगितलं. मग गोवर्धन हळूच म्हणाले, "भाऊ, वाचली आमी बी ते कमेंट. आमी बी तिथंच राहतो दिवसभर. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडून काय करतो आपण? पण एक काम करा... आता काकाजी आलेच हायेत तं आमच्या अमोलचं बी विचारून पाहा. एमपीएससी करू म्हणते. होईन का?"

एवढ्यात लाइट आली. गल्लीतले सगळे कूलर एका दमात गरजले. पार्वताबाईंनी कढीत मीठ टाकलं, आणि ज्या घरात संध्याकाळी सुपारी फुटायची होती तिथे भर दुपारी हसत, रडत पुरणपोळ्यांवर पंगत बसली. उशिरा उन्हाने काळा होऊन आलेला सहदेवही त्यात बसला. काय झालं हे त्याला माणिकबाईंनी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा थोडं वाढवून.

घरी येऊन त्यांनी कुलूप उघडलं आणि खुर्चीत टेकून त्या उत्तराखाली लिहिलं, 'काकाजी, आता मीठ टाकलं. पोट्टीची काळजी करू नका. जेवा पोटभर.' मोबाइल कंपाउंडकडच्या खिडकीत ठेवला आणि पाणी प्यायला आत गेल्या.

उत्तर आलं नाही. त्यांनी त्याची वाटही पाहिली नव्हती; पण परत आल्यावर मोबाइल उचलला, तर अंगठ्याला काहीतरी चिकट लागलं.

काचेवर पिवळा पट्टा होता. ओला, खालून वर सरकवलेला. माणिकबाईंनी त्या घरून निघताना हात दोनदा धुतले होते, आणि खिडकीच्या जाळीला आतून कडी होती.