तीन डबे आणि एक कोपर

वरचा डबा

"आत येऊ?" पावसात उभी राहून मी दाराला विचारलं.

"कुत्रा नको," दार म्हणालं. दाराचा आवाज बाईचा होता.

जपानमधल्या मात्सुए गावातली ही चौथी खानावळ. तीन नकार पचवले होते. इथेही नाही म्हणाले, तर नवी नोकरी सोडून सरळ आईकडे परत... मी ठरवूनच आले होते.

"मला दिसत नाही. मुगी मला रस्ता दाखवते. कायद्यानं ती माझ्याबरोबर आत येऊ शकते. हे ओळखपत्र."

"कायदा असेल गं बाई. पण आमच्या चटया! हे ओले पाय—"

"आई, ओले पाय काय, गिऱ्हाइकांचेही असतात!" आतून एक तरुण, हसरा आवाज आला. "टॉवेल दे. चार पाय... दोन टॉवेल दे."

त्यानं मुगीचे पंजे पुसले. मग उत्साहाच्या भरात तिच्या पाठीवरच्या पट्ट्याची मूठच धरून ओढली. मुगी गोंधळली, मी उंबऱ्याला ठेचकाळले.

"सोडा! ती मूठ माझी आहे!"

"माफ करा... मग मी काय धरू?"

"तुम्ही काहीच नाही. तुमचं कोपर मी धरीन."

 मग कोपर. पिठानं माखलेलं, गरम आणि जरासं—

मधला डबा

—चिकट.

"इओरी," तो म्हणाला. "म्हणजे... नाव. माझं."

"नागिसा."

त्यानं सोबाच्या शेवयांचे तीन गोल डबे एकावर एक ठेवले. "रस्सा वरच्या डब्यात घाला. खाऊन उरेल तो खालच्यात ओता."

"मी काय लहान आहे?"

"बाहेरगावचे तिन्हींत एकदम ओततात हो! चांगले डोळे उघडे ठेवून!"

मी हसले. या गावात पहिल्यांदाच. दर गुरुवारी येऊ लागले. मुगी टेबलाखाली घोरायची. एके दिवशी इओरी कुजबुजला, "आईनं दारावर चिठ्ठी चिकटवलीय. 'वाटाड्या कुत्र्यांचं स्वागत.' वाकडी लागलीय, पण सरळ करू देत नाही—"

खालचा डबा

—अकराव्या गुरुवारी त्यानं विचारलं, "नागिसा, दार उघडल्याबद्दल तू कधी आभार मानले नाहीस. आई म्हणते, पोरगी तिखट आहे."

"दाराबद्दल नाहीच मानणार. ते माझ्या हक्काचं होतं."

"खरंय..." त्याचा आवाज पडला.

"पण इओरी, तू चुकलास आणि लगेच विचारलंस, मी काय धरू? इतकी वर्षं लोक मला न विचारताच ओढत आले. त्या प्रश्नाबद्दल... मनापासून आभार."



"पुन्हा विचारू?" तो हळूच म्हणाला. "काय धरू?"

या वेळी मी कोपर मागितलं नाही. हात पुढे केला.

तिसरा डबा संपला होता. रस्सा मात्र उरला होता.

"आणखी एक डबा लागेल," मी म्हणाले.