नीलाबाईंच्या बोरमाळेचे मणी

मंजुश्रीनं सोन्याचा एक मणी टेबलावर ठेवला आणि रविकांतचा चहाचा कप तोंडाशीच थांबला.

"माझ्या सासूबाईंच्या बोरमाळेचा हाय. त्या वारल्या अन् माळ कपाटातून गायब झाली. आता एकेक मणी त्यांच्याच नावाच्या निधीपेटीत निघायलाय. नवरा म्हणतो, तूच चोरलीस अन् आता पाप धुवायलीस. उद्या मला माहेरी निलंग्याला सोडणार हाय, कायमची."

खासगी तपास करणारी लुंबिनी लगेच उठली. तिचा मदतनीस रविकांत उरलेला चहा घशात ओतून मागं धावला.

लातूरच्या त्या गल्लीत नीलाबाईंना कोण विसरेल? दुष्काळात त्यांनी घरचा बोअर सगळ्यांना मोकळा केला होता. त्यांच्या नावानं गल्लीनं पोरांच्या फीसाठी निधी सुरू केला. पेटी संगमेशच्या किराणा दुकानात असे.

"पेटी रोज रात्री उघडतो," संगमेश म्हणाला. "मणी निघतो तो नळ आल्याच्या दिवशीच. आठवड्यानं पाणी येतं, दुकान उघडं टाकून पळावं लागतं. मंजुश्रीवहिनी बिचाऱ्या आमच्या घरी येऊन मला अन् आईला पाणी भरू लागतात. पाणी जाईस्तोवर हलत न्हाईत. आज बी तसंच."

नीलाबाईंच्या दारात रविकांत जुन्या पुरुषी वहाणांना अडखळला. त्या बाजूला सारताना हाताला ओला चिखल लागला. त्यानं तो गुपचूप रुमालाला पुसला.

आत मंजुश्रीचा नवरा मल्लिनाथ बुटाची नाडी सोडत होता. नोकरी नांदेडला, घरी फक्त रविवारी. "कपाटाला बायकोशिवाय हात लावणारं हाय कोण?" तो गुरगुरला.

बाजेवरून त्याचे वडील सिद्रामप्पा म्हणाले, "मी तर खुबा मोडल्यापासून उंबरा ओलांडला न्हाई, बाई."

"मंजुश्रीच दिसते," रविकांत कुजबुजला.

"रुमाल दाखव," लुंबिनी म्हणाली आणि सगळ्यांकडे वळली. "माळ घरातली, म्हणजे घेणारंही घरातलं. नळ आला की अख्खी गल्ली पाण्यामागं धावते. या घरी बोअर आहे, म्हणून इथलाच माणूस तेव्हा मोकळा असतो. पण मंजुश्री संगमेशच्या आईकडे असते, आणि मल्लिनाथ नांदेडला असतानाही मणी पडतच होते. राहिले अप्पा. उंबरा न ओलांडणाऱ्याच्या वहाणांना आजचा चिखल कसा लागला? मल्लिनाथ तर बूट घालतात."

रविकांतनं कपाळाला हात लावला. काखेत कळसा नि गावाला वळसा!

सिद्रामप्पांनी उशीखालून उरलेली माळ काढली. "नीला जाताना म्हणली, लेकरांच्या फीला द्या. एकदम द्यायला हात धजंना. अन् मल्लू देऊ बी देणार न्हाई, म्हणून चोरून देऊ लागलो."

"मामंजी," मंजुश्री बाजेपुढं उभी राहिली, "मला चोर म्हणत होते, तवा ऐकत होता न्हवं?"

"ऐकत होतो. पोराला भ्यालो."

"मंग आता गल्लीदेखत सांगा."

मल्लिनाथ आडवा आला, पण म्हातारा भिंत धरत बाहेर गेला. नीलाबाईंच्या माघारी जो कुणाशी मोठ्यानं बोलला नव्हता, तो ओरडला, "माळ मी घेतली! माझी सून चोर न्हाई!"

दारोदारची माणसं बाहेर आली. मल्लिनाथनं मान खाली घातली. आणि इतके दिवस डोळ्यांत टिपूस न आणलेली मंजुश्री तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडली.